मदत हवी आहे: सोलापुरी मराठीतल्या दोन 'च' आणि दोन 'ज'चं मोजमाप

नमस्कार मंडळी. घरी तेलुगू बोलणारे सोलापूरकर आणि घरी कन्नड बोलणारे सोलापूरकर मराठीतला दंत्य 'च' (जीभ दातांपाशी: चाक, चारा) आणि तालव्य 'च' (जीभ टाळूपाशी: चार, चहा) कसा वेगळा ठेवतात, ते 'प्रात' (Praat) या ध्वनी-विश्लेषणाच्या सॉफ्टवेअरमध्ये मोजायचं काम चालू आहे. तेलुगूत दंत्य च आहे, कन्नडमध्ये नाही. म्हणून ही तुलना मोलाची वाटते.

पद्धत अशी: ध्वनिमुद्रण डब्ल्यूएव्ही (न दाबलेल्या आवाजाची फाइल), ४४१०० हर्ट्झ, १६ बिट. 'च'च्या सुरुवातीच्या स्फोटानंतरचा फक्त घर्षणाचा (हवा घासत जाण्याचा) तुकडा कापून त्याचा 'सेंटर ऑफ ग्रॅव्हिटी', म्हणजे ऊर्जेनुसार काढलेली सरासरी कंपनसंख्या, काढायचा. दंत्याचा आकडा वर, तालव्याचा खाली यायला हवा. व्हॉट्सअ‍ॅपवरचे व्हॉइस मेसेज वापरत नाही, कारण दाबलेल्या आवाजात वरच्या कंपनसंख्या कापल्या जातात आणि नेमका दंत्य आवाजच फसवा दिसतो.

अडतंय ते 'ज'पाशी. त्यात घोष (स्वरतंतूंचं कंपन) असल्यामुळे खालच्या कंपनसंख्यांची ऊर्जा आकडा खाली ओढते, त्यात सोलापूरच्या पूर्व भागातल्या घरांत शेजारच्या यंत्रमागाची घरघर मिसळते. ५०० हर्ट्झखालचं गाळलं तरी दोन्ही 'ज' एकमेकांत शिरतात. १००० पर्यंत गाळावं का? की घोष संपल्यानंतरचाच भाग घ्यावा?

दुसरं, जोड्या. 'जग' (दुनिया, तालव्य) आणि 'जग' (जगणे, दंत्य) ही जोडी उत्तम, पण एक नाम, एक आज्ञार्थ. वाक्यातली जागा बदलते आणि वाक्याच्या शेवटी शब्द लांबतो. एकाच ठरावीक वाक्याच्या चौकटीत बसतील अशा नामांच्या जोड्या कुणी सुचवाल का? लिपीत फरक दिसत नसल्यानं चित्रं दाखवता येतील असे शब्द असले तर फारच बरं.