बास ऐकूच न येणारा अल्बम: दोष म्हणायचा की ओळख?

प्रश्न

मेटालिका या अमेरिकन हेवी मेटल बँडचा 'अँड जस्टिस फॉर ऑल' (१९८८) हा अल्बम मी कित्येक वर्षे ऐकत आलो आहे. पण त्यात बास गिटार (खालच्या, जाड स्वरांची गिटार) जवळजवळ नाहीच, हे माझ्या फार उशिरा लक्षात आले आणि तेव्हापासून प्रत्येक गाण्यात मला ती पोकळीच आधी ऐकू येते. २०१८ साली हा अल्बम नव्याने मास्टर होऊन (म्हणजे ध्वनिमुद्रणावर शेवटचा हात फिरवून) आला, तेव्हाही बँडने मूळ मिक्स, म्हणजे वाद्यांच्या आवाजांचे आपसातील प्रमाण, बदलले नाही. चाहत्यांनी बास वाढवून केलेली एक आवृत्ती मी ऐकली. ती भरदार होती, तरीही मनाला पटली नाही. हा दोष दुरुस्त व्हायला हवा होता, असे आपल्याला वाटते का?

पहिले उत्तर

दोष आहेच, पण त्याला कारणे आहेत. बास वाजवणाऱ्या जेसन न्यूस्टेडने बऱ्याच ठिकाणी रिदम गिटारच्याच (साथीच्या गिटारच्याच) ओळी वाजवल्या, आणि त्या गिटारचा आवाज मधल्या पट्टीत कोरून काढलेला व खालच्या पट्टीत भरलेला असल्यामुळे बासला बसायला जागाच उरली नाही. शिवाय बासचा आवाज कमी करण्याची सूचना बँडचीच होती, असे मिक्स करणाऱ्यांनी नंतर सांगितले आहे. बँडचा आधीचा बासवादक क्लिफ बर्टन १९८६ मध्ये बस अपघातात गेल्यानंतरचा हा पहिला पूर्ण अल्बम असल्याने या गैरहजेरीत शोकाचा अर्थ शोधणारेही आहेत. मला तो मोह टाळावासा वाटतो.

मात्र याच अल्बममधील 'वन' या गाण्याचा उत्तरार्ध हेडफोन लावून ऐका. दोन्ही पायांनी वाजणारा किक ड्रम इतका कोरडा आहे की त्याचा धमाका न होता नुसती टकटक उरते, गिटार नेमकी त्याच टकटकीवर आदळते आणि बंदुकीच्या फैरी झडल्यासारखे वाटते. गाणे हातपाय गमावलेल्या, स्वतःच्या शरीरात कोंडलेल्या सैनिकाचे आहे. तिथे बासची ऊब आली असती, तर तो कोंडमारा सैल पडला असता.

हेवी मेटल संगीतात अडचणीतून आवाज घडल्याचे उदाहरण तर मुळाशीच आहे. बर्मिंगहॅमच्या कारखान्यात ब्लॅक सॅबथ बँडचा डावखुरा गिटारवादक टोनी आयोमी याच्या उजव्या हाताच्या, म्हणजे तारा दाबणाऱ्या हाताच्या, दोन बोटांची टोके तुटली. त्याने प्लॅस्टिक वितळवून बोटांना टोपणे केली, हलक्या तारा लावल्या, आणि ब्लॅक सॅबथच्या 'मास्टर ऑफ रिअॅलिटी'वर (१९७१) बऱ्याच गाण्यांत गिटार तीन अर्धस्वर खाली उतरवली. बोटांना सोपे जावे म्हणून सैल केलेल्या तारांतून जो जडपणा आला, तो पुढे अनेकांनी मुद्दाम उचलला.

दुसरे उत्तर

आयोमीचे उदाहरण इथे लागू होत नाही, असे माझे मत आहे. त्याच्यापुढे दुसरा मार्ग नव्हता, मेटालिकापुढे होता. वेगवान थ्रॅश (मेटलचा अतिवेगवान प्रकार) स्वच्छ ध्वनिमुद्रित होऊ शकतो, हे स्लेयर बँडने 'रेन इन ब्लड' या अल्बमवर १९८६ मध्येच दाखवून दिले होते. निर्माता रिक रुबिनने त्यावरचा प्रतिध्वनी जवळजवळ काढून टाकला, त्यामुळे सुमारे २९ मिनिटांच्या त्या वादळात प्रत्येक घाव वेगळा ऐकू येतो.

शिवाय प्रत्येक दोषाला सौंदर्य ठरवण्याची सवय चाहत्यांना लागते आणि मग कान तक्रार करीत असूनही आपण मान डोलावत राहतो. मेटालिकाचाच 'डेथ मॅग्नेटिक' (२००८) इतका मोठ्या आवाजात मास्टर केला गेला की तो फाटतो. 'गिटार हिरो' या व्हिडिओ गेममधील त्याच गाण्यांच्या आवृत्तीत लहानमोठ्या आवाजांतला फरक कमी दाबलेला असल्याचे चाहत्यांनीच दाखवून दिले. तिथे कोणता आशय साधला? केवळ थकवा.

तिसरे उत्तर

मला दोघांचेही म्हणणे अर्धेच पटते. 'जस्टिस'मधील रिक्तपणा कानाला बोचतो, पण थकवत नाही. 'डेथ मॅग्नेटिक' थकवतो. दोन्हींना एकाच मापाने मोजू नये. प्रश्नकर्त्यांनी 'जस्टिस'मधील 'टू लिव्ह इज टू डाय' पुन्हा ऐकावे, अशी विनंती आहे. सुमारे १० मिनिटांच्या त्या रचनेत बर्टनचे न वापरलेले रिफ (पुन्हा पुन्हा येणारे छोटे सुरावटीचे तुकडे) आहेत.

प्रश्नकर्ता

काल रात्री ऐकले. मधल्या संथ भागात गिटार मागे सरते, तिथे बास कुठे असायला हवा होता हे नेमके कळते. पहिल्या उत्तरातला 'वन'बद्दलचा मुद्दा मला मान्य आहे. या एका रचनेपुरती मात्र दुरुस्ती हवी होती, असे मला अजूनही वाटते.