मदत हवी आहे: एमू आणि लाल कांगारूच्या पिल्लांची तुलना कशी करावी?

नमस्कार मंडळी,

सातवीतल्या भाचीला विज्ञान प्रदर्शनासाठी तक्ता करायचा आहे. ऑस्ट्रेलियाच्या राजचिन्हावर ढालीच्या दोन बाजूंना उभे असलेले लाल कांगारू आणि एमू तिने निवडले आहेत. उंची, वजन, वेग हे रकाने भरून झाले. अडलंय ते पिल्लांपाशी.

एमूचं अंडं उबायला साधारण ५६ दिवस लागतात. लाल कांगारूचा गर्भकाळ ३३ दिवसांचा. हे आकडे शेजारी शेजारी लिहिले की कांगारूचं पिल्लू लवकर तयार होतं असं वाटतं, आणि तसं तर मुळीच नाही! जन्मतं तेव्हा ते एक ग्रॅमही भरत नाही. डोळे मिटलेले, अंगावर लव नाही, तशातच आईच्या केसांना धरून पिशवीपर्यंत चढतं. एमूचं पिल्लू मात्र अंगावर पट्टे घेऊनच बाहेर येतं आणि थोड्याच दिवसांत बापामागे हिंडू लागतं. (अंडी उबवतो तो बापच, तेही जवळजवळ काही न खाता. मला हे फार भावलं, तक्त्यात येणारच.)

मग ‘जन्म’ कुठे धरायचा? जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद १
ताई, जन्माचा रकाना काढूनच टाका. ‘स्वतःच्या पायांवर कधी’ आणि ‘पालकांपासून वेगळं कधी’ असे दोन रकाने करा. कांगारूचं पिल्लू पिशवी कायमची सोडतं साधारण आठ महिन्यांनी, दूध पितं वर्षभर. एमूची पिल्लं बापासोबत निदान पाच-सहा महिने असतात.

फरकाचं मूळ शिदोरीत आहे. एमूची मादी सगळं पोषण बलकात एकदाच भरून देते, म्हणून अंडं अर्ध्या किलोच्या आसपास. कांगारू तेच दुधातून महिनोन् महिने देते. पिशवीतल्या तान्ह्याला एका आचळातून आणि बाहेरच्या मोठ्याला दुसऱ्यातून, एकाच वेळी वेगवेगळ्या प्रतीचं दूध!

धागाकर्ती
मनापासून आभार, रकाने बदलते. अजून एक विचारते. पिशवीत पिल्लू असताना कांगारूच्या पोटातला पुढचा गर्भ वाढ थांबवून राहतो, हे वाचलं. त्याचे दिवस तक्त्यात कसे दाखवावेत? ३३ मध्ये ते धरत नाहीत ना?

प्रतिसाद २
नाही, धरत नाहीत. तुटक रेषेने वेगळे दाखवा.