मदत हवी आहे: बाऊल (रानमांजर) कोंबड्या नेतंय, पण फासकी लावायची नाही

मंडळी, आमचं घर संगमेश्वरकडे. पंधरा दिवसांत सात कोंबड्या गेल्या. ओल्या मातीत नखं न उमटलेले गोल ठसे, म्हणजे बाऊलच. शेजारचे काका क्लचवायरची फासकी लावतात. म्हणे, "वायरला गाठ मार, फास पुरता आवळत नाही, दुसरं जनावर सुटतं." परवा तिच्यातच आमचा कुत्रा मोती सापडला, कमरेत वायर रुतलेली. डुकरांच्या फासक्यांत बिबटेही मरतात कोकणात. शिवाय १९७२ च्या वन्यजीव कायद्याने बाऊल धरणं हाच गुन्हा. तेव्हा फासकी बाद.

खुराड्याला अर्ध्या इंची वेल्डमेश लावतोय, खाली फूटभर बाहेर वळवून पुरणार. पण चिऱ्याच्या जोत्याला जाळी पक्की कशी बसवायची? आणि कौलांखालच्या फटी कशाने बुजवता?