नाकाच्या हाडाचं ऑपरेशन (सेप्टोप्लास्टी): दोन-तीन वर्षांनंतर कसं आहे? अनुभव हवेत

नमस्कार मंडळी,

धाकट्या भावासाठी विचारतेय. वय २२, पोलीस भरतीची तयारी चालू आहे. कॉलेजात कबड्डी खेळताना नाकावर कोपर बसलं होतं. सूज उतरली, पण तेव्हापासून डावी नाकपुडी जवळजवळ बंदच. रात्री तोंड उघडं टाकून झोपतो, सकाळी घसा कोरडा पडलेला असतो आणि दिवसभर डोकं जड. १६०० मीटरच्या शेवटच्या फेरीत त्याची जी धाप लागते ती बघवत नाही. मैदानी चाचणीच्या ५० गुणांपैकी २० त्या एका धावण्याला आहेत, त्यामुळे घरात सध्या दुसरा विषयच नाही.

ईएनटी डॉक्टरांनी दुर्बीण घालून पाहिलं, सीटी स्कॅनही झाला. नाकाचा, म्हणजे दोन नाकपुड्यांमधला, पडदा डावीकडे वाकलाय, आत मागच्या बाजूला हाडाचं टोक (स्पर) आलंय आणि उजवीकडचं खालचं टर्बिनेट (नाकाच्या आत बाजूच्या भिंतीवर असलेला मांसल उंचवटा) फुगलंय. वाकडेपणा डावीकडे असताना उजवीकडे काय बिघडलं, हे मला आधी कळेना. पडदा एका बाजूला सरकला की दुसऱ्या बाजूला जागा जास्त होते आणि तिथलं टर्बिनेट वाढून ती भरून काढतं, असं त्यांनी स्कॅनवर बोट ठेवून दाखवलं. नुसता पडदा सरळ केला तर ते फुगलेलं टर्बिनेट उजवी बाजू अडवेल, म्हणून दोन्ही एकदमच करू म्हणतात. स्टिरॉइडचा स्प्रे नियमित मारून झालाय. शिंका थांबल्या, नाक काही मोकळं झालं नाही. झोपताना तो नाक मोकळं करणारे थेंब टाकायचा, तेही बंद करायला लावलेत, कारण रोज वापरले तर त्यांनीच नाक जास्त चोंदतं.

डॉक्टरांची एक गोष्ट मला मनापासून पटली. जोरात पळताना सगळेच तोंडाने श्वास घेतात, तेव्हा ऑपरेशनमुळे धावण्याची वेळ कमी होईल ही आशा धरू नका. झोप सुधारेल, तोंड कोरडं पडणं थांबेल, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. भावाच्या मनात मात्र अजूनही धावणंच आहे.

आता घोळ असा की घरात दोन टोकांची मतं आहेत. मावशीचं हेच ऑपरेशन झालंय. पहिले काही महिने ती खूश होती, मग पुन्हा नाक चोंदायला लागलं. तिला धुळीची ॲलर्जी आहे, आणि पडदा सरळ केल्याने ॲलर्जी जात नाही. आजी म्हणते अणुतेलाचं नस्य कर, कापाकापी नको. तेलाने कोरडेपणा कमी होत असेल, पण वाकलेलं हाड तेलाने कसं सरळ होणार?

मी थोडं वाचलं. नेदरलँड्समधल्या २०३ प्रौढांच्या अभ्यासात (२०१९) ऑपरेशनवाल्यांना जास्त आराम पडला आणि तो २४ महिन्यांपर्यंत टिकला. ब्रिटनमधला ३७८ जणांचा अभ्यास २०२३चा. तिथे ६ महिन्यांनी ऑपरेशनवाल्यांचा त्रासाचा गुणांक सरासरी १९.९ होता आणि मिठाच्या पाण्याचा व स्टिरॉइडचा स्प्रे घेणाऱ्यांचा ३९.५. हा ११० पैकी असतो, जितका कमी तितकं बरं. हे वाचून धीर आला. पण दोन वर्षांच्या पुढे काय, ते तुमच्यापैकीच कोणी सांगू शकेल.

तर ज्यांचं ऑपरेशन होऊन दोन-तीन वर्षं उलटलीत त्यांनी कृपया लिहा. नाक अजून मोकळं आहे का? ॲलर्जी होती का, आणि टर्बिनेटचंही केलं होतं का? हे दोन्ही जरूर सांगा, त्याशिवाय आमच्याशी तुलना करता येत नाही. ऑपरेशननंतर नाकात ठेवलेलं पॅकिंग किंवा सिलिकॉनच्या पट्ट्या काढताना कितपत दुखलं? आतल्या खपल्या किती दिवस येत होत्या? वरच्या पुढच्या दातांपाशी काही काळ बधिरपणा राहू शकतो म्हणतात, तो कोणाला आला का आणि गेला का? पडद्याला भोक पडून श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज येणं, हे कोणाच्या बाबतीत झालं असेल तर तेही लपवू नका.

खेळाडू किंवा भरतीवाले कोणी असतील तर सरावाला परत कधी लागलात? पहिले दोन-तीन आठवडे वाकायचं नाही, जड उचलायचं नाही, नाक शिंकरायचं नाही, एवढं कळलंय. मला जास्त काळजी गोळाफेकीची आहे. त्यात सगळा जोर एका झटक्यात लागतो, तेव्हा रक्त यायची भीती किती दिवस असते?

जाता जाता, मेडिक्लेम असलेल्यांनी पॉलिसी नीट वाचा. या ऑपरेशनला अनेक पॉलिसींत पहिली दोन वर्षं कव्हर नसतं. आमच्याही नाही, खर्च खिशातूनच करायचाय.

ऑपरेशन आत्ता करायचं की भरती उरकल्यावर, हे डॉक्टरांना याच महिन्यात कळवायचंय. दोन ओळी लिहिल्यात तरी चालेल.