मदत हवी आहे: ताणणाऱ्या सेन्सर पट्टीत वायरचा जोड टिकत नाही

नमस्कार मंडळी. नांदेडला शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी कोपराची हालचाल मोजणारी, त्वचेवर चिकटणारी पट्टी करतोय. मऊ सिलिकॉनमध्ये बारीक नळी, तीत गॅलियम-इंडियमचा द्रव मिश्रधातू (सुमारे १५.५ अंशांनाच वितळतो, त्यामुळे अंगावर असताना गोठायची भीती नाही). पट्टी ताणली की नळी लांब नि अरुंद होते, विजेचा रोध वाढतो, त्यावरून हालचाल कळते. मधला भाग सुंदर चालतो, सोडल्यावर रीडिंग मूळ जागी येतं.

अडचण टोकाशी आहे. तांब्याची वायर आत शिरते तिथं कोपर वाकवला की सिलिकॉन सुटतं आणि धातू पाझरतो. सायनोअ‍ॅक्रिलेट (झटपट चिकटणारा गोंद) सिलिकॉनला धरतच नाही. इपॉक्सी कडक होतं, मग त्याच्या कडेलाच फाटतं. आंबट वासाचं सीलंट तांबं गंजवतं, म्हणून न्यूट्रल (आम्ल न सोडणारं) लावलं. ते जरा टिकलं, पण वायर ओढली गेली की सोलतं.

अ‍ॅल्युमिनियमचं काही सुचवू नका, गॅलियम ते पोखरतं. चिकटवण्याआधी पृष्ठभाग तयार करणारं प्लाझ्मा यंत्र नाही. साधं ओव्हन आणि सोल्डरिंग आहे. घामाने पट्टी सुटते त्यावर वैद्यकीय टेप पुरतो.

मऊ सिलिकॉन आणि वायर यांच्यामध्ये मध्यम कडक सिलिकॉनचा थर द्यायचा तर किती शोअर (रबराचा कडकपणा मोजायचं माप) कडकपणाचा आणि किती लांब? की वायर सोडून नागमोडी तांब्याची फ्लेक्झिबल पीसीबीच (वाकणारी सर्किट पट्टी) सिलिकॉन ओतताना आत बसवावी?