अमेरिकेत ड्रग्जच्या कैद्यांची शिक्षा राष्ट्राध्यक्षांनी कमी करावी का?

अनिरुद्ध: बायडन यांनी जाता जाता, १७ जानेवारी २०२५ ला, ड्रग्जच्या खटल्यांतल्या जवळपास २,५०० कैद्यांच्या शिक्षा कमी केल्या. मला पटलं. १९८६ च्या कायद्याने ५ ग्रॅम क्रॅकला (ओढायच्या कोकेनच्या खड्यांना) किमान ५ वर्षं. तेवढ्याच शिक्षेला पावडर कोकेन मात्र ५०० ग्रॅम लागायचं. माल मुळात एकच, पण क्रॅकमध्ये अडकलेले बहुतेक काळे. २०१० मध्ये हे १०० ला १ प्रमाण १८ ला १ केलं, तरी आधीच्या कैद्यांना त्याचा लाभ मिळायला २०१८ उजाडलं. मधली आठ वर्षं त्यांनी कशापायी काढली?

मृणालिनी: मग कायदा संसदेने बदलावा. पुरावा न्यायाधीशासमोर आलेला असतो. एका दिवसात २,५०० फायली कोणी वाचल्या? आणि ‘अहिंसक गुन्हा’ म्हणताना जपून. तिकडे गुन्हा कबूल करण्याच्या बदल्यात बंदुकीचं कलम पुष्कळदा वगळतात, म्हणून कागदावर गुन्हा अहिंसक दिसतो.

अनिरुद्ध: किमान शिक्षा कायद्यातच ठरलेली, तिथे न्यायाधीश काय करणार? आणि ओबामांनी १,७१५ शिक्षा कमी केल्या (५६८ जन्मठेपा!), त्यासाठी २०१४ मध्ये निकष लावले होते: दहा वर्षं भोगलेली हवीत, टोळीशी मोठा संबंध नको, आज खटला चालला तर शिक्षा कमी झाली असती असं दिसायला हवं.

धनंजय: निकष कसले, वशिला म्हणा. अ‍ॅलिस जॉन्सन पहिल्याच गुन्ह्यात जन्मठेप भोगत होत्या. २०१८ मध्ये टीव्हीवरच्या किम कार्दाशियन ट्रम्पना भेटल्या आणि आठवड्याभरात बाई बाहेर. ‘सिल्क रोड’ या ड्रग्जच्या ऑनलाइन बाजारवाल्या उल्ब्रिख्तला २०२५ मध्ये पूर्ण माफी. त्याच वर्षी डिसेंबरात होंडुरासचे माजी अध्यक्ष हर्नांडेझ सुटले, कोकेनसाठी ४५ वर्षं झाली होती त्यांना. पुड्या विकणारा पोरगा अजून अर्ज धरून बसलाय.

अनिरुद्ध: हर्नांडेझचं समर्थन मी करणार नाही. पण अधिकारच काढला असता तर अ‍ॅलिसबाई आतच राहिल्या असत्या.

शिरीष: थोडं अवांतर. आपल्या एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी) कायद्याचं कलम ३२-अ शिक्षेत सूट देऊ देत नाही (सेवनाचं कलम २७ सोडून). राष्ट्रपतींचा घटनेच्या कलम ७२ चा माफीचा अधिकार मात्र त्याने जात नाही.

मृणालिनी: अनिरुद्ध, अ‍ॅलिस एक. कार्दाशियन ज्यांना भेटत नाही त्यांचं काय? १८ ला १ अजून कायद्यात आहे, त्याला राष्ट्राध्यक्षाची सही पुरत नाही.

अनिरुद्ध: तो कायदा बदलेपर्यंत आतल्यांनी थांबायचं?