लाइन डान्स : दिशा बदलली की पावले चुकतात, मार्गदर्शन हवे आहे

नमस्कार.

मी टेक्सासमधील ऑस्टिन येथे राहते आणि वयाच्या ५४व्या वर्षी, गेल्या दोन महिन्यांपासून, कंट्री संगीतावरचा लाइन डान्स, म्हणजे सर्वांनी रांगांत उभे राहून एकाच वेळी तीच पावले टाकण्याचा नाच, शिकत आहे. नोव्हेंबरमध्ये येथील एका मैत्रिणीच्या मुलीचे लग्न आहे. त्या दिवशी सर्वांसोबत ओळीत उभे राहून निदान एक नाच शेवटपर्यंत नीट करावा, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

सध्या आम्हाला ‘इलेक्ट्रिक स्लाइड’ शिकवत आहेत. आधी उजवीकडे ग्रेपव्हाइन, म्हणजे एक पाऊल बाजूला, दुसरे त्याच्या मागून, पहिले पुन्हा बाजूला आणि चौथ्या काउंटला टच, म्हणजे पाऊल नुसते टेकवणे. मग तेच डावीकडे. त्यानंतर तीन पावले मागे आणि टच, एक पाऊल पुढे आणि टच, एक मागे आणि टच. शेवटी डावीकडे पाव वळण आणि टाच जमिनीला घासून पाय पुढे, ज्याला येथे स्कफ म्हणतात. असे १८ काउंट झाले की तोंड खोलीच्या डावीकडच्या भिंतीकडे होते आणि तोच क्रम पुन्हा सुरू होतो; म्हणून प्रत्येक फेरीला येथे ‘भिंत’ म्हणतात.

पहिल्या भिंतीला मला काहीच अडचण येत नाही. मी नवशिकी असल्याने शेवटच्या रांगेत उभी राहते आणि पुढच्यांची पावले पाहून नाचते. परंतु दुसऱ्या वळणानंतर मागची रांगच पुढची होते, समोर पाहायला कोणीही उरत नाही आणि मी थांबते. दुसरी अडचण तालाची आहे. लहानपणी भजनासाठी तबला शिकल्यामुळे आठ मात्रांनंतर सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, येणार, हे कानात पक्के बसले आहे. नाच मात्र दुसऱ्या फेरीपासून समेवर सुरूच होत नाही. मोजण्यात माझीच काही चूक होत आहे का? शिवाय वळताना बुटाचा रबरी तळ फरशीला धरून राहतो आणि गुडघा दुखतो. ज्यांनी हा नाच शिकला आहे, त्यांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद :

ताई, आपली मोजणी अगदी बरोबर आहे. १८ म्हणजे आठ मात्रांची दोन आवर्तने आणि वर दोन मात्रा. त्यामुळे पहिली भिंत समेवर धरली, तर दुसरी तिसऱ्या मात्रेवर, तिसरी पाचव्या आणि चौथी सातव्या मात्रेवर सुरू होते. चार भिंतींचे मिळून ७२ काउंट, म्हणजे बरोबर नऊ आवर्तने होतात, आणि ज्या क्षणी आपण मूळ दिशेला तोंड करून उभ्या राहता त्याच क्षणी समही येते. आपल्या कानाला ती जागा नक्की सापडेल. मधल्या तीन भिंतींना मात्र समेची वाट न पाहता काउंट मोजत राहावे. ३२ काउंटचे नाच सहसा दर फेरीला समेवरच येतात, म्हणून पुढचा नाच तसा निवडल्यास आपल्याला सोपा जाईल.

शेवटच्या रांगेत उभे राहू नका. रांगांच्या मधोमध उभे राहिल्यास कोणत्याही भिंतीकडे तोंड झाले तरी समोर कोणीतरी असतेच. तथापि खरा आधार शरीराच्या भाराचा असतो. टचमध्ये पाऊल फक्त टेकवायचे असते, त्यावर भार द्यायचा नसतो; म्हणून पुढचे पाऊल त्याच पायाने निघते. टचवर चुकून भार गेला की पुढे पाय बदलतो आणि सारा क्रम बिघडतो. घरी संगीत न लावता, दर फेरीला वेगळ्या भिंतीपासून आरंभ करून, ‘बाजूला, मागून, बाजूला, टच’ असे मोठ्याने म्हणत सराव करावा.

बुटाचा तळ चामड्याचा, गुळगुळीत असावा. वळताना भार पावलाच्या पुढच्या भागावर घ्यावा, म्हणजे पाऊल सहज फिरते आणि गुडघ्याला पीळ बसत नाही. दुखणे तरीही राहिले, तर सराव थांबवून डॉक्टरांना दाखवावे.